गाडीचा टनेल कशाचा करावा: सीआर पत्रा, अ‍ॅल्युमिनियम की फायबर?

घरी स्पोर्ट्स कार बांधायला घेतली की चेसिस आणि सस्पेन्शनवर महिनोन्महिने डोकं लावलं जातं, आणि ट्रान्समिशन टनेल, म्हणजे गिअरबॉक्स आणि शाफ्ट झाकणारा दोन सीटमधला बोगदा, मात्र उरल्यासुरल्या पत्र्यात उरकला जातो. तसं करू नका. गाडी पळताना मांडीपासून चार बोटांवर प्रोपेलर शाफ्ट (इंजिनची ताकद मागच्या चाकांना नेणारा दांडा) मिनिटाला हजारो फेरे घेत असतो.

माझी गाडी लोटस सेव्हन या जुन्या, उघड्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धर्तीची. चौकोनी पाइपची चेसिस, मारुती ईको व्हॅनचं इंजिन-गिअरबॉक्स पुढे, शाफ्ट मागच्या अ‍ॅक्सलला. टनेलचा उलगडलेला पत्रा साधारण 1.2 चौरस मीटर भरतो. खालची वजनं त्याच मापाची.

1.2 मिमीचा सीआर (कोल्ड रोल्ड, म्हणजे साधा लोखंडी) पत्रा घेतला तर वजन साडेअकरा किलोच्या आसपास. सांगलीत याची मोठी सोय आहे. कुपवाड एमआयडीसीत शेअरिंग (पत्रा कापणं), बेंडिंग, सीओटू वेल्डिंग सगळं जवळजवळ मिळतं. माप चुकलं तर तुकडा जोडता येतो, हँडब्रेकचा ब्रॅकेट थेट वेल्ड करता येतो. माझा पहिला टनेल सीआरचाच होता. आवाज कमी व्हावा म्हणून वरून डांबरी शीट चिकटवली होती. दोन पावसाळ्यांनंतर शीटची कड नखाने उचलली, तर तिच्यासोबत रंगाचा पापुद्रा निघून आला आणि खाली तांबूस भुगा. पाणी घडीत शिरून बसलं होतं आणि वरून काहीच दिसत नव्हतं. गंजाच्या भीतीने जीआय पत्रा घेणार असाल तर वेल्डिंगच्या जागी जस्ताचा थर आधी घासून काढा. त्याच्या धुराने थंडी वाजून ताप भरतो.

1.6 मिमीचं अ‍ॅल्युमिनियम सव्वापाच किलोत बसतं. मात्र ग्रेड, म्हणजे मिश्रधातूचा प्रकार, विचारून घ्या. 5052 छान वाकतं. जास्त मजबूत म्हणून 6061-टी6 घेतलंत तर काटकोनात वाकवताना घडीच्या बाहेरच्या बाजूला केसासारखी चीर पडते. आर्गन वेल्डिंगला चांगला हात लागतो, पण इथे त्याची गरजच नाही, रिव्हेटवर काम भागतं. लोखंडी पाइपवर अ‍ॅल्युमिनियम उघडं टेकवू नका. मध्ये रंग आणि सीलंट हवाच, नाहीतर ओल लागली की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. उष्णताही ते लोखंडापेक्षा कितीतरी लवकर पसरवतं. सायलेन्सरचा पाइप टनेलला लागून जात असेल तर मध्ये हवेची फट ठेवून हीट शील्ड लावा.

फायबर (काचेचे धागे आणि रेझिन) गंजत नाही, पत्र्यासारखं वाजत नाही, हवा तो गोलवा देतं आणि 3 मिमी जाडीत वजन अ‍ॅल्युमिनियमइतकंच. पण साधं पॉलिस्टर रेझिन सायलेन्सरच्या धगीने नरम पडतं, आणि एका टनेलसाठी साचा करण्याची मेहनत मला पटत नाही. तीन-चार गाड्या करायच्या असतील तरच या वाटेला जा. तेव्हाही कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारं द्रावण) आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळून मगच हार्डनर घाला. ते दोन्ही थेट एकत्र आले तर आग लागते.

काहीही निवडा, तुटलेला क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा फिरता सांधा) या तिघांपैकी एकालाही अडवता येत नाही. त्यासाठी 6 मिमी जाड, 50 मिमी रुंद लोखंडी पट्टीची शाफ्टभोवती पूर्ण कडी, पुढच्या क्रॉसपासून सहा इंचांच्या आत, थेट चेसिसला बसवा. सीटबेल्टचा बोल्टही चेसिसलाच, टनेलच्या पत्र्याला कधीच नाही.

माप आधी पुठ्ठ्यावर काढा. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, म्हणून गिअरबॉक्सभोवती 25 मिमी मोकळी जागा सोडा. मागचा अ‍ॅक्सल जॅकने पूर्ण वर ढकलून शाफ्ट कुठवर येतो ते बघा. माझा पुठ्ठा तिथेच घासला होता.

सध्या माझ्या गाडीत दोन्ही बाजू 5052 च्या, रिव्हेट मारलेल्या. वरचं झाकण मात्र वेगळं, चौदा बोल्टवर. गिअर लिंकेज तपासायचं असलं की सीट न काढता ते दहा मिनिटांत उघडतं.