कुत्र्याचा कॉर्निया पांढरा पडलाय: फ्लॅप, दात्याचा कॉर्निया की कृत्रिम?

सर्जनकडे पर्याय विचारण्याआधी एक गोष्ट नक्की करून घ्या: कॉर्निया, म्हणजे डोळ्याची पुढची पारदर्शक काच, गढूळ कशामुळे झालाय? सगळी निवड त्यावर ठरते.

बोस्टन टेरियर, चिवावा, डॅशहंड यांच्यात उतारवयात बऱ्याचदा कॉर्नियाच्या सर्वांत आतल्या थरातल्या पेशी कमी होत जातात. कॉर्नियात शिरलेलं पाणी उपसायचं काम याच पेशींचं, आणि मेलेल्यांच्या जागी नव्या जवळपास येतच नाहीत. मग कॉर्निया फुगतो, निळसर दिसतो, वर बारीक फोड येतात. ते फुटले की डोळा ठणकतो. कुत्रा डोळा मिटून बसतो, पंजाने चोळतो. अशा डोळ्यासाठी आख्खा कॉर्निया बदलणं मला अतिरेक वाटतं. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचा पातळ पापुद्रा ओढून कॉर्नियाच्या कडेवर शिवतात, त्या फ्लॅपमधून पाणी शोषलं जातं. नजरेचा थोडा भाग झाकला जातो, पण दुखणं थांबतं. नजर जास्त स्वच्छ हवी असेल तर दात्याचा फक्त आतला थर, किंवा पाणी अडवणारी कृत्रिम चकती आतून बसवता येते. माणसासाठीची अशी चकती सुमारे 50 मायक्रॉन जाडीची असते आणि चिकटेपर्यंत तिला वायूचा बुडबुडा धरून ठेवतो. कुत्र्यांत हे करणारे सर्जन मोजकेच.

जुन्या व्रणामुळे कॉर्नियात रक्तवाहिन्या शिरल्या असतील तर गणित बदलतं. त्या वाटेने प्रतिकारशक्तीच्या पेशी येतात आणि दात्याचा कॉर्निया नाकारला जाण्याचा धोका वाढतो. पूर्ण जाडीचा कृत्रिम कॉर्निया खरा इथेच विचारात घ्यावा. प्लास्टिक गढूळ होत नाही, पण ऊती आणि प्लास्टिक जुळतात ती कड सैल पडू शकते. मग गळती, जंतुसंसर्ग, शिवाय काचबिंदू. माणसांतल्या ‘बोस्टन’ कृत्रिम कॉर्नियानंतर अँटिबायोटिक थेंब आयुष्यभर घालावे लागतात. कुत्र्यांतला अनुभव तर त्याहून फार तोकडा. तुमचा कुत्रा थेंब घालू देत नसेल, गळ्यातली शंकूसारखी कॉलर दिवसभर सहन करत नसेल, तर या वाटेला जाऊ नका. दुसरा डोळा चांगला असेल तर मी नकोच म्हणेन.

प्रखर प्रकाश टाकल्यावर कुत्रा डोळे मिचकावतो का, हे आधी पाहून घ्या. सोनोग्राफी आणि ईआरजीही हवीच; दृष्टिपटल, म्हणजे डोळ्यातला मागचा पडदा, काम करतो का हे ईआरजी विजेच्या संकेतांवरून सांगते. दृष्टिपटल निकामी असेल तर पुढची काच कितीही स्वच्छ केली तरी दिसणार नाही. आणि सर्जनला स्पष्ट विचारा: कृत्रिम कॉर्निया निघून आला तर डोळा वाचेल, की काढावा लागेल?