पी६२ अँटीबॉडी: यकृताच्या बायोप्सींवर काही महिने वापरल्यावर

आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये पी६२ या प्रथिनाला चिकटणारी सशाची मोनोक्लोनल अँटीबॉडी काही महिन्यांपासून यकृताच्या पॅराफिन ब्लॉकवर (मेणात बसवलेल्या तुकड्यांवर) नेमाने वापरतोय. दारूमुळे किंवा चरबीमुळे सुजलेल्या यकृताचं काम असेल, तर ही जरूर घ्या.

एच अँड ई (नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगाच्या) स्लाइडवर फुगलेल्या पेशीतला गुलाबी गुंता मॅलरी-डेंक बॉडी (आजारी यकृतपेशीत साचलेला प्रथिनांचा गोळा) आहे की नाही, यावर आमच्यात कायम वाद व्हायचा. त्या गुंत्यात केराटिन ८ आणि १८, युबिक्विटिन (नष्ट करायच्या प्रथिनांवर लागणारी खूण) आणि पी६२ असतं. ही अँटीबॉडी लावली की तोच गुंता गडद तपकिरी होऊन उठून दिसतो, कडा स्पष्ट, शेजारची पेशी जवळजवळ कोरी. बारीकशा सुई-बायोप्सीत असा एखादाच ठिपका हाती लागला तरी निदानाला बळ मिळतं.

रिट्रीव्हलला, म्हणजे फॉर्मॅलिनमुळे झाकलं गेलेलं प्रथिन अँटीबॉडीसाठी पुन्हा उघडं करायला, सायट्रेट पीएच ६ पेक्षा ट्रिस-ईडीटीए पीएच ९ आमच्याकडे सरस ठरलं. माहितीपत्रकातल्या डायल्यूशनला मात्र सगळा सायटोप्लाझम तपकिरी व्हायचा. बरीच पातळ केल्यावर चित्र सुधारलं. वयस्क रुग्णांत मध्यशिरेभोवती लायपोफुसिनचे (वयानुसार पेशीत साचणाऱ्या रंगद्रव्याचे) दाणे मुळातच तपकिरी असतात आणि डीएबीशी (अँटीबॉडी दाखवणाऱ्या तपकिरी रंगाशी) सहज गल्लत होते. म्हणून प्रायमरी (म्हणजे ही अँटीबॉडी) न लावलेली एक स्लाइड प्रत्येक वेळी सोबत हवीच. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून ओळखणाऱ्या चाचणीत) ६२ केडीएच्या (किलोडाल्टनच्या) आसपास एकच पट्टा येतो, आणि पी६२चं जनुक काढलेल्या पेशींच्या लायसेटमध्ये (पेशी फोडून मिळालेल्या द्रवात) तो येत नाही. विश्वास बसला तो यामुळे.

पी६२ वाढलं म्हणजे ऑटोफॅजी (पेशीची आतली साफसफाई) बंद पडली, असं रिपोर्टमध्ये लिहू नका, ही माझी कळकळीची विनंती. युबिक्विटिन लागलेला कचरा एलसी३पर्यंत (सफाईच्या पिशवीवरच्या प्रथिनापर्यंत) नेताना पी६२ स्वतःही नष्ट होतं, त्यामुळे सफाई अडली की ते साचतं, हे खरं. पण एनआरएफ२ (ताणात बचावाची जनुकं चालू करणारं प्रथिन) जागं झालं तरी पी६२ जास्त बनतं. फॉर्मॅलिनमधला तुकडा म्हणजे थांबलेला क्षण. त्यात सफाईचा वेग मोजता येत नाही. वेग हवा असेल तर जिवंत पेशींना बॅफिलोमायसिन (सफाईचा शेवटचा टप्पा अडवणारं औषध) द्या आणि एलसी३-२चा (पिशवीला जोडलेल्या एलसी३चा) पट्टा किती वाढतो ते बघा.

खटकलेली गोष्ट एकच: लॉट (उत्पादनाची खेप) बदलला तेव्हा रंग फिका पडला, आणि पुरवठादाराकडून समाधानकारक उत्तर मिळालं नाही. आता जुनी व्हायल संपायच्या आतच नवी मागवतो, आणि दोन्ही एकाच ब्लॉकवर शेजारी शेजारी लावून बघितल्याशिवाय रुग्णाच्या स्लाइडवर नवा लॉट वापरत नाही.