नथिंग टू-ए की मोटोरोला एज ५० फ्युजन? ओळीच्या शेवटच्या अक्षरानं लावलेला निकाल

वीस-पंचवीस हजारांत फोन घ्यायचा म्हटलं की यादी लांबतच जाते. माझी मात्र दोन नावांवर येऊन थांबली होती: नथिंगचा फोन टू-ए आणि मोटोरोलाचा एज ५० फ्युजन. दोन्ही २०२४ चे. पहिला मार्चमध्ये आला, दुसरा मे महिन्यात. बाजारात आले तेव्हा टू-एची किंमत २३,९९९ रुपयांपासून आणि फ्युजनची २२,९९९ रुपयांपासून सुरू होत होती. दोन्हीची बॅटरी ५,००० एमएएचची, स्क्रीन ६.७ इंचांची. मेगापिक्सेल आणि रॅमचे आकडे तुम्ही एव्हाना पाठ केले असतील, ते मी पुन्हा सांगत बसत नाही.

टू-ए माझ्याकडे आहे, फ्युजन मेहुण्याकडे. आम्ही दोघंही आपापल्या फोनवर खूश आहोत आणि दोघांचीही कारणं खरी आहेत. म्हणून आधी त्याची बाजू मांडतो.

मेहुण्याचं चिपळूणला खतं-बियाण्यांचं दुकान आहे. २०२१ च्या जुलैमध्ये वाशिष्ठीचा पूर शहरात शिरला तेव्हा त्याचं दुकान पाण्यात गेलं आणि खिशातला फोनही गेला. पुढचे तीन दिवस तो कुठे आहे हे आम्हाला कळत नव्हतं. तेव्हापासून पाणी झेलणारा फोन हवा, एवढी एकच अट तो धरून बसला होता. फ्युजनला आयपी६८ मानांकन आहे. म्हणजे दीड मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास राहिला तरी तो टिकावा, अशी त्याची चाचणी झालेली असते. टू-एचं मानांकन आयपी५४. त्यात पाण्याचे शिंतोडे धरलेले आहेत, बुडणं नाही. गुहागरच्या रस्त्यावर चार महिने मोटारसायकलवर भिजणाऱ्या माणसाला हा फरक फार मोठा आहे आणि तिथे मी वाद घालत नाही. एक मात्र दोन्हीकडे लक्षात ठेवावं. मानांकन कितीही असलं तरी पाण्यानं बिघडलेला फोन सहसा वॉरंटीत बसत नाही.

मोटोरोलाच्या आणखी दोन गोष्टी मला मनापासून आवडल्या. एक म्हणजे वजन. साधारण १७५ ग्रॅम. टू-ए १९० चा आहे. पंधरा ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण आडवं पडून तासभर वाचलं की करंगळीला फरक कळतो. मेहुण्यानं कातड्यासारख्या पाठीचा घेतलाय, तो घामेजल्या हातातूनही निसटत नाही. दुसरी गोष्ट चार्जर. फ्युजनच्या खोक्यात ६८ वॉटचा चार्जर येतो. नथिंगच्या खोक्यात फक्त वायर मिळते. टू-ए ४५ वॉटपर्यंत घेतो, पण त्यासाठी जलद चार्जिंगच्या पीडी-पीपीएस पद्धतीचा चार्जर घरात असावा लागतो. नसेल तर तो खर्च फोनच्या किमतीत धरूनच हिशोब मांडा. मी धरला नव्हता. घरातल्या जुन्या चार्जरवर पहिले आठ दिवस काढले आणि फोन रात्रभर लावून ठेवावा लागला. नवा आणल्यावर काम तासाभराच्या आसपास आलं. मेहुण्याचा मात्र आंघोळ आणि चहा होईपर्यंत जवळपास भरलेला असतो. घड्याळ लावून मी मोजलेलं नाही, पण त्याच्या घरी आठ दिवस राहून एवढं नक्की सांगू शकतो.

अंधारात फ्युजन हातात धरून दोनदा कोयत्यासारखा हलवला की टॉर्च लागतो. कोकणात पावसाळ्यात वीज जाते तेव्हा ही सोय किती कामाची आहे ते मी पाहिलंय. सासूबाईंना फोनमधलं दुसरं काही जमत नाही, हे मात्र पहिल्याच दिवशी जमलं.

इतकं सगळं असताना मी तो का घेतला नाही?

माझं काम मुद्रितशोधनाचं आहे. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत दिवाळी अंकांचा हंगाम. मूळ वाचन मी कागदावरच करतो, पण शेवटच्या दुरुस्त्या हल्ली पीडीएफमध्ये येतात आणि त्या येतात तेव्हा मी बहुधा सातारा-पुणे एसटीत असतो. संपादकांचा निरोप असतो, ‘पान ४७, दुसरा परिच्छेद, एकदा नजर टाका, छपाईला सोडायचंय.’ फोनवर पूर्ण पान बारीक दिसतं, म्हणून समास कापून मजकूर स्क्रीनच्या रुंदीएवढा मोठा करायचा. ओळ या कडेपासून त्या कडेपर्यंत भरते. आता स्क्रीनच्या कडा वळलेल्या असतील तर ओळीचं शेवटचं अक्षर त्या वळणावर जाऊन बसतं.

माझा आधीचा फोन वक्र स्क्रीनचा होता. कंपनीचं नाव घेत नाही, कारण जे झालं ते त्या एका कंपनीचं नव्हे, वळलेल्या काचेचं आहे. दुकानात तो फोन फार देखणा दिसला होता. कडेवरून चित्र ओघळतंय असं वाटायचं. दोन वर्षं वापरला. २०२३ च्या हंगामात एका कथेचं शेवटचं पान त्यावर पाहिलं, गाडीत वर दिवा होता, आणि ‘ठीक आहे, सोडा’ असं कळवलं. अंक छापून आला. म्हाताऱ्या आईवरची कथा होती. वाक्य असं हवं होतं: ‘तिला रात्रंदिवस मुलाचीच चिंता.’ छापलं गेलं होतं ‘चिता’.

तो शब्द ओळीच्या शेवटी होता. नंतर तेच पान त्याच फोनवर पुन्हा उघडून पाहिलं. चि वरच्या पहिल्या वेलांटीचं वळण जिथे संपतं तिथेच अनुस्वार बसतो, आणि नेमकी तीच जागा काचेच्या वळणावर येत होती. वरच्या दिव्याची एक पांढरी उभी रेघ कडेवर पडायची, त्या रेघेत ठिपका असला काय आणि नसला काय, डोळ्याला सारखंच. फोन थोडा तिरका केला की रेघ सरकायची आणि चूक स्वच्छ दिसायची. त्या रात्री मी तिरका केला नव्हता. लेखिकेला फोन करून माफी मागितली. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘असू दे, होतं असं.’ त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी ती कथा आईच्या वर्षश्राद्धाच्या सुमारास लिहिली होती.

त्याच फोनचा दुसरा त्रास स्क्रीनगार्डचा. सपाट स्क्रीनला शंभर-दीडशे रुपयांची काच कोपऱ्यावरचा कुठलाही दुकानदार दोन मिनिटांत बसवून देतो. वक्र स्क्रीनला बहुतेक वेळा पातळ गोंद ओतून निळसर दिव्याखाली सुकवायची काच लागते. ती महाग असते आणि बसवणारा हातही सवयीचा लागतो. माझ्या वेळी गोंद वरच्या कानाच्या जाळीत गेला आणि महिनाभर समोरच्याचा आवाज घड्यातून आल्यासारखा यायचा.

तर असा पोळलेला मी, २०२४ च्या गणपतीत चिपळूणला गेलो. जुन्या फोनची बॅटरी दुपारपर्यंतही टिकेना. मेहुणा म्हणाला, ‘भावोजी, डोळे मिटून हाच घ्या. पाहिजे तर आठ दिवस वापरून बघा.’ खरोखरच त्यानं सिमकार्डं बदलून फोन माझ्या हातात दिला. ते आठ दिवस मी फ्युजनवर काम केलं. आरतीचे फोटो काढले, मोदकांचे काढले, आणि फोटो छान आले. समईच्या उजेडात त्याचा मुख्य कॅमेरा सावल्या नीट धरतो, रंग जरा खुलवून दाखवतो. ते ज्यांना आवडतं त्यांना फारच आवडेल. फ्युजनची स्क्रीनही कडांना वळलेली आहे, पण तिचं वळण माझ्या जुन्या फोनपेक्षा सौम्य आहे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. बातम्या वाचा, व्हिडिओ बघा, नकाशा लावा, ते वळण जाणवतही नाही. उलट कडेवरून बोट सरकवताना गुळगुळीत, सुखाचं वाटतं.

पण पडवीतल्या ट्यूबलाइटखाली बसून मी तेच २०२३ चं पान उघडलं. रेघ बारीक होती, पण होती. कडेचं अक्षर वाचता येत होतं, फक्त त्यासाठी मनगट जरा वळवावं लागत होतं. एका ओळीसाठी ते काहीच नाही. दोनशे ओळींसाठी तो वेगळा व्यायाम आहे.

भाची त्याच सुट्टीत पुण्याहून आली होती, तिच्याकडे टू-ए. तिच्या फोनवर तेच पान लावलं. सपाट स्क्रीन, चारी बाजूंनी सारखी बारीक काळी चौकट, आणि ओळ त्या चौकटीच्या आत पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत सरळ. दिव्याचं प्रतिबिंब इथेही पडतं, पण ते एका जागी ठिपक्यासारखं पडतं आणि फोन हलवला की निघून जातं, कडेला चिकटून राहत नाही. ‘चिता’ मला पहिल्या नजरेत दिसली. दसऱ्याआधी मी टू-ए घेतला.

घेतल्यावर कळलेल्या काही गोष्टी. टू-ए मला किंचित चपळ वाटतो, विशेषतः दोन-अडीचशे पानांची जड पीडीएफ भरभर खाली सरकवताना. त्यात मीडियाटेकचा डायमेन्सिटी ७२०० प्रो हा प्रोसेसर आहे, फ्युजनमध्ये स्नॅपड्रॅगन ७एस जेन २. कागदावरही पारडं टू-एकडेच झुकतं, पण रोजच्या वापरात हा फरक कुणी डोळे मिटून ओळखू शकेल असं मला वाटत नाही. टू-एमध्ये ॲपची सगळी चिन्हं काळी-पांढरी करून टाकायची सोय आहे, ती मी पहिल्या दिवशीच लावली. लाल-पिवळं काही खुणावत नाही, त्यामुळे फोन उघडला की ज्या कामाला उघडला तेच होतं.

टू-एच्या पाठीवरच्या दिव्यांना मी आधी पोरखेळ समजत होतो. आता तसं म्हणणार नाही. कागदावर वाचताना फोन पालथा ठेवतो, तो आपोआप मुका होतो. एखाद्या ठरावीक ॲपचा निरोप आला की मागचा एक दिवा लागतो आणि निरोप पाहीपर्यंत लागलेलाच राहतो. मी तो फक्त संपादकांचे निरोप ज्या ॲपवर येतात त्याला जोडलाय. बाकी जगाला तीन तास थांबता येतं.

टू-एची पाठ पारदर्शक प्लास्टिकची आहे. तिच्यावर बोटांचे ठसे आणि बारीक चरे दिसतात, मला कव्हर घालावंच लागलं. आणि पावसात मी त्याला जपतो. एसटीतून उतरताना तो आधी पिशवीत जातो, मग छत्री उघडते. मेहुण्याला हे कधीच करावं लागत नाही.

दोन्ही फोनना तीन अँड्रॉइड आवृत्त्या आणि चार वर्षं सुरक्षा-अपडेट, असा दोन्ही कंपन्यांचा शब्द आहे. म्हणजे १४ वरून निघालेली गाडी १७ पर्यंत जायला हवी आणि सुरक्षेचे अपडेट २०२८ पर्यंत. तेव्हा आज यांपैकी एखादा सवलतीत मिळत असेल तर उरलेली वर्षं मोजून मगच किंमत ठरवा. २०२५ मध्ये दोघांचीही पुढची पिढी आली, नथिंगचा थ्री-ए आणि मोटोरोलाचा एज ६० फ्युजन. थ्री-ए सपाटच राहिला. एज ६० फ्युजनची काच आता चारही कडांनी वळते. म्हणजे नव्या जोडीतून निवडायचं असलं तरी माझा प्रश्न तुमच्यापुढे तसाच उभा राहणार, थोडा जास्तच.

तुमचं काम पावसात, शेतात, दुचाकीवर असेल, किंवा फोन बराच वेळ चार्जिंगला लावून ठेवायला सवड नसेल, तर फ्युजन घ्या, मेहुण्याच्या शब्दावर घ्या. वाचन, हिशोबाचे तक्ते, मराठीतलं लांब टंकलेखन असं काही असेल, तर माझा कौल थोडासा, पण ठामपणे टू-एला. टंकलेखनाचं सांगायचं राहिलं: देवनागरी कीबोर्डवर कडेच्या कळा वक्र स्क्रीनवर माझ्या अंगठ्याला अर्ध्याच लागायच्या. सपाटवर तसं होत नाही. मोठ्या अंगठ्याच्या माणसांनी हे विशेष तपासावं.

दुकानात जाल तेव्हा तिथला नमुन्याचा व्हिडिओ बघू नका, तो कुठल्याही स्क्रीनवर सुंदरच दिसतो. आपल्या व्हॉट्सॲपमधली एखादी मराठी पीडीएफ स्वतःलाच पाठवून ठेवा. ती दोन्ही फोनवर उघडा, मजकूर कडेपर्यंत मोठा करा आणि दुकानातल्या सगळ्यात प्रखर दिव्याखाली उभं राहून फक्त ओळींची शेवटची अक्षरं वरून खाली वाचत या. दहा ओळी पुरतात.