केरुआक आणि बरोज : बुद्धाशी दोन नाती

जॅक केरुआक आणि विल्यम बरोज. १९५० च्या दशकातल्या बंडखोर अमेरिकन लेखकांच्या, म्हणजे बीट पिढीचे दोन आधारस्तंभ, जिवलग मित्र, पण बुद्धाच्या बाबतीत दोघांची तोंडं दोन दिशांना.

केरुआकला १९५४ मध्ये बौद्ध ग्रंथांचा एक इंग्रजी संग्रह हाती लागला आणि त्याने झपाटल्यासारखी टिपणं काढली. जग दुःखमय आहे, हे त्याला पटवून द्यावं लागलं नाही. लहानपणी गेलेल्या भावाची जखम उघडीच होती. १९५६ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टन राज्यातल्या डेसोलेशन शिखरावर तो वणव्यांवर नजर ठेवायला ६३ दिवस एकटा राहिला. शून्यता शोधायला गेला आणि एकटेपणाने पोखरून निघाला. दारू शेवटपर्यंत सुटली नाही.

बरोजने आधीच योगसाधना करून पाहिली होती, त्यामुळे त्याचा विरोध अज्ञानातून आलेला नव्हता. मोरोक्कोतल्या टँजियर शहरातून त्याने केरुआकला पत्रातून खडसावलं: दुःख टाळायला मनातलं प्रेमच उपटून टाकणं हा घोर अपराध आहे. पुढे १९७५ मध्ये तो तिबेटी बौद्ध गुरू चोग्याम त्रुंग्पांच्या अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातील केंद्रात एकांतवासाला गेला. टाइपरायटर आणू नकोस, असं गुरूंनी सांगितलं. सुतारही हत्यारं घरी ठेवून येतो ना! बरोजला हे पटेना. सुतार नंतर काम करू शकतो, लेखकाला सुचलेलं तेव्हाच पकडावं लागतं. त्याने स्वप्नं टिपून ठेवली, त्यांचं पुस्तकही झालं.

मला केरुआकची तळमळ जास्त जवळची वाटते, पण लेखक म्हणून मी बरोजच्या बाजूने आहे.