अशोक स्तंभाजवळची परमिट रूम आणि त्याआधीची चार तासांची पायपीट

गेल्या जानेवारीत माझा आतेभाऊ बदलीवर नागपूरहून नाशिकला आला, तेव्हा त्याला शहर दाखवण्याची जबाबदारी साहजिकच माझ्यावर आली. पहिल्या रविवारी मी सोपा मार्ग पत्करला आणि एका खासगी गाडीवाल्याच्या दिवसभराच्या ‘नाशिक दर्शना’ची दोन तिकिटे काढली. गाडी वेळेवर सुटली नाही, कुठेही वीस मिनिटांच्या वर थांबली नाही आणि ठरलेल्या यादीतली दोन ठिकाणे उशीर झाल्याचे सांगून गाळली गेली. रात्री घरी आल्यावर तो एवढेच म्हणाला, ‘‘दादा, देवळं पाहिली, पण इथली माणसं दिवसभर करतात काय आणि संध्याकाळी बसतात कुठं, ते काही कळलं नाही.’’ त्याचे बोलणे मला लागले, कारण ते खरे होते. म्हणून पुढच्या शनिवारी आम्ही दुपारी तीनला अशोक स्तंभापासून पायी निघालो, एकही तिकीट न काढता चार तास जुन्या नाशकात फिरलो आणि दिवेलागणीनंतर परत येऊन तिथल्याच एका जुन्या परमिट रूममध्ये बसलो. त्यानंतर हाच क्रम आम्ही आणखी तीनदा केला आहे. हे परीक्षण त्या दोन्हींचे मिळून आहे, कारण माझ्या अनुभवात त्यातले एक दुसऱ्यावाचून अपुरे राहते.

रविवार कारंजावरून पुढे गेले की सराफ बाजार लागतो. पेशवेकालीन सरकारवाडा तिथेच आहे. तो बाहेरून पाहून घ्यावा, पण खरा वेळ भांडी बाजारासाठी राखून ठेवावा. नाशिकची तांब्या-पितळेची भांडी पिढ्यान् पिढ्या प्रसिद्ध आहेत आणि यंत्रावरचा माल कितीही आला, तरी हाताने मठारलेला हंडा अजून इथे मिळतो. एका दुकानदाराने आम्हाला दोन हंडे शेजारी ठेवून दाखवले. यंत्रावरच्या हंड्यावरचे खड्डे एकसारखे, शिक्का मारल्यासारखे होते. हातच्या हंड्यावर ठोक्यांच्या ओळी गळ्यापासून पोटाकडे उतरत जाताना किंचित रुंद होत होत्या आणि एकही ठोका दुसऱ्यावर चढलेला नव्हता. मठारण्याने भांड्याला नुसती चकाकी येत नाही, तर पातळ पत्रा ठोक्यांनी घट्ट होतो आणि सहजासहजी चेमटत नाही, हेही त्यांनी आपणहून सांगितले. आम्ही काही घेणार नाही, हे पहिल्या वाक्यातच स्पष्ट केले होते. तरीही त्यांनी आम्हाला पाव तास दिला.

तिथून तिवंधा चौकाकडे जाताना पायाखाली काय आहे, हे माहीत असलेल्या माणसाबरोबर चालावे. रंगपंचमीला ज्या रहाडींत, म्हणजे दगडी हौदांत, नाशिककर रंग खेळतात, त्या पेशवेकालीन रहाडी वर्षभर जमिनीखाली झाकलेल्या असतात आणि त्यांच्यावरून रोजची रहदारी सुरू असते. तिवंधा, दिल्ली दरवाजा, शनि चौक आणि जुनी तांबट लेन इथल्या रहाडी रंगपंचमीच्या आधी उघडतात, पूजा होते आणि मग रंगाच्या पाण्यात उडी घेऊन ‘धप्पा’ मारण्यासाठी रांगा लागतात. ज्याला नाशिक एकाच दिवसात आणि एक पैसाही न देता पाहायचे असेल, त्याने त्याच दिवशी यावे, असे मी मनापासून सांगेन.

गोदाकाठी आलो, की बहुतेक पाहुणे सरळ रामकुंडाकडे वळतात. मी आतेभावाला आधी दुतोंड्या मारुतीसमोर उभे केले. दोन बाजूंना दोन तोंडे असलेली ही उंच मूर्ती नदीच्या पात्रातच उभी आहे आणि पुराचे माप नाशिककर तिच्या अंगावर मोजतात: पाणी गुडघ्याला लागले, कमरेला आले, गळ्यापर्यंत चढले. गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडले, हे वर्तमानपत्रात छापून येतेच, परंतु जुन्या गावातला माणूस तो आकडा वाचून झाल्यावरही ‘‘मारुती कुठपर्यंत बुडाला?’’ असेच विचारतो. जवळच नारोशंकराचे देऊळ आहे. वसईच्या १७३९ च्या विजयाशी जोडली गेलेली तिथली घंटा हे पुराचे पुढचे माप मानले जाते. जानेवारीत पात्र शांत असते आणि मारुतीच्या पायाशी मुले खेळत असतात, त्यामुळे आतेभावाला ही मापे त्या क्षणी ऐकीव गोष्टीसारखीच वाटली.

अहिल्याबाई होळकर पुलावरून, म्हणजे जुने लोक ज्याला अजून व्हिक्टोरिया पूल म्हणतात त्यावरून, पंचवटीत जाऊन काळाराम मंदिर पाहावे. काळ्या पाषाणातले हे मंदिर सरदार ओढेकरांनी बांधले. याच मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी तो पुढे काही वर्षे नेटाने चालवला. दरवाज्यापाशी दोन मिनिटे थांबून हे आठवल्याशिवाय आत जाऊ नये, असे मला वाटते. परतताना रामकुंडावरची सायंकाळची आरती मिळते. या सगळ्या पायपिटीत उणिवाही आहेत. घाटावरची अस्वच्छता डोळ्यांत खुपते, अरुंद गल्ल्यांत दुचाकींमुळे लहान मुलांना घेऊन चालणे कठीण होते आणि येत्या सिंहस्थाच्या कामांमुळे काही रस्ते खणलेले सापडतात. पायात चांगल्या चपला हव्यात.

आता परमिट रूमविषयी. मालकांनी नाव छापू नये अशी विनंती केली आहे आणि ती मी पाळतो. जागा अशोक स्तंभाच्या परिसरात आहे, दर्शनी भाग अरुंद आहे आणि आत लांबट खोलीत सोळा टेबले आहेत. वरच्या मजल्यावर एसी विभाग आहे, तिथले दर थोडे जास्त आहेत. आम्ही दर वेळी खालीच बसलो आणि नव्या माणसानेही खालीच बसावे, कारण वर चार-चार जणांचे गट आपापल्यात बोलतात, तर खाली एकेकटे आलेले लोक शेजारच्या टेबलाशी बोलतात.

इथली पहिली गोष्ट जी मला आवडली, ती माप. सुट्या मद्याची मागणी केली, की वेटर बाटली आणि साठ मिलिलिटरचे मापडे दोन्ही टेबलावर आणतो, आपल्यासमोर माप काठोकाठ भरतो, ग्लासात रिकामे करतो आणि मापडे उलटे धरून शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबतो. क्वार्टर मागवली तर सील आपल्यालाच तोडायला देतो. दुसरी गोष्ट चखणा. खारे शेंगदाणे, बारीक कापलेला कांदा, टोमॅटो आणि कोथिंबीर घालून वर लिंबू पिळलेले येते, सोबत नाशिकचा चिवडा असतो, आणि या दोन्हींचे पैसे बिलात धरत नाहीत. विकत घ्यायच्या पदार्थांत उकडलेली अंडी आणि अंड्याची भुर्जी चांगली आहे. तंदुरी पदार्थ मात्र कोरडे निघाले आणि मसाला पापड दोनदा मऊ पडलेला आला. बिल हाताने लिहिलेले, प्रत्येक ओळ वाचता येईल असे मिळते. नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूममधल्या मद्यावरचा व्हॅट ५ टक्क्यांवरून १० टक्के झाला, तो त्यात वेगळा दाखवलेला असतो. करवाढीनंतर रोज येणारे आठवड्यातून दोनदा येऊ लागले, असे गल्ल्यावरच्या गृहस्थांनी सांगितले, आणि शनिवार असूनही चार टेबले रिकामी होती.

एक तक्रार मी त्यांच्याजवळ बोललो आणि इथेही नोंदवतो. ज्या जिल्ह्याच्या द्राक्षांवर वाईनचा एवढा मोठा धंदा उभा आहे, तिथल्या गावातल्या परमिट रूममध्ये नाशिकची वाईन ग्लासने मिळू नये, ही मला खरोखर खेदाची गोष्ट वाटते. कपाटात एक बाटली होती, पण ती पूर्ण घ्यावी लागेल असे सांगण्यात आले. वाईन प्यायची तर गंगापूर धरणाच्या बाजूला वाइनरीत जावे, तिथे प्रवेशाचे आणि चवीचे पैसे मोजावेत, हीच पद्धत पडून गेली आहे. त्या जागा सुंदर आहेत, पण तिथे जास्त करून मुंबई-पुण्याची माणसे भेटतात. शिवाय खालच्या मजल्यावर हवा खेळत नाही, आणि स्त्रियांना निःसंकोच बसता येईल अशी व्यवस्था इथे नाही. माझी पत्नी एकदा आली होती, ती अर्ध्या तासात अवघडून उठली. त्यामुळे ही जागा सगळ्यांसाठी आहे, असे मला म्हणता येत नाही.

तरीही मी तिथे पुन्हा पुन्हा जातो, त्याचे कारण पहिल्याच संध्याकाळी घडले. शेजारच्या टेबलावर साठीच्या पुढचे एक गृहस्थ एकटेच बसले होते. आम्ही दिवसभर कुठे फिरलो हे ऐकून त्यांनी विचारले, ‘‘दुतोंड्या पाहिला का?’’ आतेभावाने हो म्हटल्यावर ते उठून भिंतीपाशी गेले, छातीच्या उंचीवर हात आडवा धरला आणि म्हणाले, ‘‘२००८ ला सराफ बाजारात आमच्या दुकानात पाणी इथपर्यंत होतं.’’ मग त्यांनी सगळे क्रमाने सांगितले: मारुतीच्या कमरेला पाणी आल्याची बातमी लागली की दुकानातले हिशेबाचे कागद आधी माळ्यावर जातात, गळ्याला लागले की माल, आणि त्यानंतर शटर ओढून वरच्या मजल्यावर बसून राहायचे. २०१९ च्या पुरात त्यांच्या मुलाने हाच क्रम पाळला आणि वह्या कोरड्या राहिल्या. आतेभाऊ ग्लास खाली ठेवून ऐकत होता. दुपारी जी मूर्ती त्याने पाच मिनिटे पाहिली होती, तिच्यावर एका घराचा व्यवहार कसा चालतो, हे त्याला त्या टेबलावर कळले. गाडीतल्या मार्गदर्शकाला हे सांगता आले नसते, आणि आम्ही आधी नदीवर गेलो नसतो, तर शेजारच्या टेबलावरच्या त्या काकांनीही बहुधा ते सांगितले नसते.

पुढच्या खेपांना आम्ही पायपिटीची जागा बदलली. पांडवलेणींना पुरातत्त्व खात्याचे माफक तिकीट आहे, पण दहाव्या लेण्यातला, क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख पाहण्यासाठी ते जरूर काढावे. सुमारे १९०० वर्षांपूर्वी गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, त्याने ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेव म्हणून ठेवले, त्यातल्या २००० वर शेकडा दरमहा १ आणि उरलेल्या १००० वर पाऊण या दराने व्याज ठरले, आणि हा सारा हिशेब दगडात कोरला आहे. गोवर्धन हे गाव आजही गंगापूर रस्त्याला आहे. रामशेज किल्ल्याला तिकीट नाही, चढण सोपी आहे आणि मोगलांना काही वर्षे झुंजवणारा किल्ला इतका बुटका कसा, हा प्रश्न वर पोहोचल्यावर प्रत्येकाला पडतो. संध्याकाळी त्यावर काकांचे मत ऐकायला मिळाले, ते बरेच लांबले.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि मद्य पिण्याचा एक दिवसाचा परवाना पाच रुपयांत मिळतो, तो इथे आठवणीने दिला जातो. २ ऑक्टोबरसारख्या कोरड्या दिवशी जागा बंद असते. साडेसातच्या आत गेल्यास खालच्या मजल्यावर हमखास टेबल मिळते. गाडी घरीच ठेवावी, कारण अशोक स्तंभावर परतीची रिक्षा रात्रीही मिळते. काकांचे टेबल आत शिरल्यावर डावीकडचे तिसरे आहे, आणि ते शनिवारी असतातच.