6,950 डॉलर आणि माझी स्टेजची भीती

6,950 डॉलर. गायिका करतो म्हणणाऱ्या एका माणसाने फसवून माझ्याकडून एवढे घेतले. आधी आकडा लिहून टाकते, कारण गेले चार महिने तो माझ्या तोंडून निघत नव्हता. नवऱ्यालाही मी सुरुवातीला चार हजारच सांगितले होते. नॅशव्हिलमध्ये, म्हणजे कंट्री म्युझिकच्या (अमेरिकेतल्या गावाकडच्या गाण्यांच्या) या शहरात, किंवा इतर कुठेही, आपल्यापैकी कुणी गाण्यापायी कुणाला पैसे द्यायच्या बेतात असेल तर आधी हे वाचा.

मी तासगावची. एच-4 व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या व्हिसावर इथे आले, कामाचा परवाना मिळाल्यावर एका पाळणाघरात लागले. गेलेला पैसा त्या पगारातला आहे, चार वर्षांत साठवलेला. लोक विचारतात, मराठी बाईला कंट्री म्युझिक कशाला? माझी आजी जात्यावर ज्या ओव्या म्हणायची, त्यांत आई, माहेर, शेत, पाऊस आणि देव असायचा. इथे आल्यावर गाडीतल्या रेडिओवर तेच ऐकलं, फक्त भाषा वेगळी. मग मीच लिहायला लागले. पहिलं गाणं आजीच्या गोधडीवर लिहिलं, इंग्रजीत.

पण गायचं कुठे? अकरा वर्षांची असताना गणपतीच्या मंडपात दुसऱ्याच ओळीला माझा आवाज गेला. माइक चालू, पेटीवाले सर वाट बघतायत, समोर पहिल्या रांगेत बाबा. त्यानंतर तीस वर्षं मी चार माणसांसमोर तोंड उघडलं नाही. आजही माइक दिसला की घसा कोरडा पडतो आणि गुडघ्यातलं बळ जातं.

नेमकं हेच त्या माणसाने विकत घेतलं. नाही, चुकलं. हेच त्याने मला विकलं.

जाहिरात, मग ‘तुझ्या आवाजात काहीतरी वेगळं आहे’, मग करार, मग हप्ते. ही साखळी तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत होती. मी वेबसाइट तपासली, करार दोनदा वाचला, दोन जुन्या गायकांशी फोनवर बोलले (ते त्याचेच लोक असावेत, हे आता कळतंय). मी भोळी नव्हते. पण तो गाण्याबद्दल बोललाच नाही, तो भीतीबद्दल बोलला. आवाजाच्या मूल्यांकनाचे 350 घेतले आणि मंडपातली ती संध्याकाळ माझ्याकडून पूर्ण काढून घेतली. मग भीती घालवण्याच्या सहा बैठका, 1,800 डॉलर. आणि त्यांचा उपयोग झाला, हे मी नाकारणार नाही. तिसऱ्या बैठकीत मी त्याच्यासमोर डोळे उघडे ठेवून अख्खं गाणं म्हटलं आणि घरी येऊन रडले. अशा माणसावर विश्वास ठेवला यात माझं काय चुकलं?

चुकलं ते पुढे, रेकॉर्डिंगच्या दिवशी. तीन गाणी, 2,800 डॉलर. गोधडीचं गाणं डीमध्ये बसवलं होतं, वरच्या जागी माझा आवाज ताणत होता. मी म्हटलं, सीमध्ये घेऊ या. म्हणजे पांढरी दोनवरून पांढरी एक. तो म्हणाला, चार्ट, म्हणजे वादकांसमोरचा कागद, सगळा नव्याने लिहावा लागेल, त्याचे 150 डॉलर वेगळे.

नॅशव्हिलमध्ये वादक कॉर्डची (एकत्र वाजवायच्या सुरांची) अक्षरं लिहीत नाहीत, आकडे लिहितात. 1950 च्या दशकाच्या अखेरीपासूनची इथली पद्धत आहे, नॅशव्हिल नंबर सिस्टिम म्हणतात तिला. ‘सा’वरची कॉर्ड म्हणजे 1, ‘म’वरची 4, ‘प’वरची 5. पट्टी कुठलीही घ्या, कागद तोच राहतो, आपल्या सरगमसारखा. पट्टी बदलली तर काही लिहावं लागू नये, यासाठीच तर ते आकडे आहेत! मी लहानपणी सहा वर्षं पेटी शिकले आहे. त्याच्या हातातला कागद मला दिसत होता, त्यावर 1, 4, 5 असेच आकडे होते. मला कळलं. त्या क्षणी, तिथे उभी असताना, मला कळलं की हा एकतर खोटं बोलतोय किंवा याला या कामातलं काही येत नाही. मी तसं विचारलंही. तो हसला आणि शांतपणे म्हणाला, ‘बघ, ही पुन्हा तुझी भीती बोलतेय. गाण्याच्या तोंडावर आलीस की तू पळायला कारण शोधतेस.’

आणि मी 150 डॉलर दिले.

झोप येत नाही तेव्हा हेच आठवतं. पैशांपेक्षा ते वाक्य. माझा प्रत्येक प्रश्न त्याने माझ्याच आजारात जमा केला. पावती मागितली तर भीती, वादकांची नावं विचारली तर भीती. तुमच्या साध्या व्यवहारातल्या शंकेला कुणी तुमच्या मनाचा दोष म्हणत असेल, तर तिथूनच उठा. चप्पल घालायलाही थांबू नका.

त्यानंतरचं भराभर सांगते. ‘शोकेस’चे 1,200. म्हणजे गाऊन दाखवायचा कार्यक्रम, गाण्याच्या कंपन्यांची माणसं येणार होती. चौदा गायक होतो, प्रत्येकाबरोबर घरचं एखादं माणूस, आणि तो. बाकी हॉलमध्ये कुणी नव्हतं. आम्ही पैसे भरून एकमेकांना गाणी ऐकवली. शेवटी 650, चाळीस रेडिओ केंद्रांवर गाणं लावायला. पैसे घेऊन, आणि ते श्रोत्यांना न सांगता, गाणं वाजवणं अमेरिकेत 1960 पासून बेकायदा आहे. हे मला पैसे भरल्यानंतर नवव्या दिवशी समजलं. त्यानंतर त्याचा फोन बंद.

आता तक्रारीचं ऐका. पोलिसांकडे गेले. खिडकीतल्या माणसाने करार उलटून पाहिला आणि म्हणाला, तुम्ही सही केली आहे, काही सेवा मिळालीही आहे, हा दिवाणी मामला. मी म्हटलं, चौदा जण आहोत. तो म्हणाला, मग चौदा दिवाणी मामले. बँकेत पाऊण तास फोनवर थांबवून सांगितलं की मोबाईलवरून पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, आमच्या लेखी ही चोरी नाही. ग्राहकांच्या सरकारी खात्याला फॉर्म भरला. उत्तरात एक क्रमांक आला आणि खाली ओळ, की वैयक्तिक तक्रारी आम्ही सोडवत नाही. मग सोडवतं कोण? दुसऱ्या खात्याने पहिल्याकडे पाठवलं. छोट्या दाव्यांच्या कोर्टात इथे 25,000 डॉलरपर्यंत वकिलाशिवाय जाता येतं, म्हणून तिथेही गेले. समन्स बजावायला पत्ता हवा. करारावरचा पत्ता म्हणजे भाड्याची टपालपेटी निघाली. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, पत्ता सापडला की या. माणूस शोधायचा मी, पुरावा गोळा करायचा मी, सुट्टी टाकून रांगेत उभी राहायची मी! आणि प्रत्येक खिडकीवर माझे उच्चार ऐकून पहिला प्रश्न व्हिसाचा. फसवणुकीचा व्हिसाशी काय संबंध?

एकच रक्कम परत आली, ती 650 ची, कारण ती क्रेडिट कार्डावर होती आणि मी स्टेटमेंट येताच हरकत घेतली. बाकी 6,300 बँकेतून थेट पाठवले होते, ते गेले. कार्ड घेत नाही म्हणणाऱ्याला एक डॉलरही देऊ नका. स्टुडिओत पाय ठेवण्याआधी वादकांची नावं लेखी घ्या आणि त्यांना स्वतः फोन करा. आणि रेकॉर्डिंगच्या मूळ फाइल्स त्याच दिवशी, त्याच खोलीत, आपल्या ड्राइव्हवर उतरवून घ्या. माझ्याकडे फक्त एमपी3 आहेत. फोन बंद करण्याआधीच्या शेवटच्या निरोपात त्याने मूळ फाइल्सचे 400 मागितले होते.

तो म्हणायचा, शिफारशीशिवाय या शहरात कुणी माइकपर्यंत पोचत नाही. इथलं ब्लूबर्ड कॅफे 1982 पासून चालू आहे, जेमतेम नव्वद खुर्च्यांची जागा, आणि तिथे सोमवारी ओपन माइक असतं, म्हणजे नवख्यांनाही गाता येतं. गाणाऱ्याकडून पैसे घेत नाहीत. जूनमध्ये मी गेले. नवरा दाराजवळ उभा होता. पहिल्या कडव्यात गुडघे थरथरले, दुसऱ्यात घसा सुकला, तरी गोधडीचं गाणं शेवटच्या ओळीपर्यंत म्हटलं. सीमध्ये. खाली उतरल्यावर एका म्हाताऱ्या गिटारवाल्याने विचारलं, ही ‘गोधडी’ म्हणजे काय? मी त्याला सांगत बसले. हे सगळं मला फुकट मिळणार होतं, एक वर्ष आधीच.

मागच्या आठवड्यात तीच जाहिरात पुन्हा दिसली. कंपनीचं नाव नवं, फोटोतली मुलगी नवी, मूल्यांकनाची फी आता 425. खालचं वाक्य मात्र शब्दन् शब्द तेच आहे: ‘तुझ्या आणि स्टेजच्या मध्ये फक्त तुझी भीती उभी आहे.’ हे वाक्य कुणी पाठवलं तर मला कळवा. पत्ता शोधणाऱ्या आम्ही आता पाच जणी आहोत.