माळ घालावी की अनुग्रह घ्यावा?

धाकट्या मावशीने साठी गाठली, मुलं मार्गी लागली, गुडघे अजून साथ देतायत. आता कुठेतरी जोडून घ्यावं असं तिच्या मनात आहे. आळीतली मंडळी म्हणतात, आमच्या दिंडीत ये, तुळशीची माळ घाल. भिशीतल्या मैत्रिणी म्हणतात, आमच्या महाराजांचा अनुग्रह घे, म्हणजे त्यांना गुरू करून त्यांच्याकडून मंत्र घे. गेल्या दिवाळीत तिला जे सांगितलं, तेच इथे लिहितोय. तिच्यासारखे अडलेले बरेच असतील.

माळेचं गणित उघडं असतं. मांस-दारू बंद, एकादशी, रोजचा हरिपाठ आणि वर्षातून एकदा तरी पंढरीची वारी. बहुतेक ठिकाणी माळ ज्ञानेश्वरीवर ठेवून मग गळ्यात घालतात, म्हणजे शब्द ग्रंथाला दिलेला असतो. घालणाऱ्या महाराजांनाही तेच नियम. आमचे आजोबा माळकरी होते. एकदा विहिरीवर माळ तुटली. सगळे मणी वेचून पुन्हा ओवून होईपर्यंत म्हाताऱ्याने पाण्याचा घोट घेतला नाही. समोर बघायला कोणी महाराज नव्हते, आजीच होती, तीही वैतागलेली.

अनुग्रहात नातं माणसाशी जुळतं. तो माणूस नेक असेल तर यासारखं दुसरं काही नाही, हेही खरं. साताऱ्याकडच्या गोंदवल्याचे ब्रह्मचैतन्य महाराज (1845–1913) लोकांना रामनाम देत आणि प्रपंच सोडू नका म्हणत. त्यांनी दिलेला तेरा अक्षरी मंत्र कुणालाही ठाऊक आहे, त्यात झाकून ठेवण्यासारखं काहीच नाही. तिथे अन्नदान आजही चालू आहे. पण प्रत्येक गादीवर असा माणूस बसलेला असेल याची हमी कोण देणार?

मला सगळ्यात मोठा फरक दिसतो तो चूक झाल्यावर. गावच्या सप्ताहात कीर्तनकाराला बोलेल त्याला संतांच्या अभंगाचं प्रमाण द्यावं लागतं. मागे टाळकरी उभे, समोर पाठांतर असलेले म्हातारे. आमच्याकडे एका तरुण बुवाने चरण चुकवला, तर पहिल्या रांगेतल्या आबांनी बसल्या जागेवरून तो दुरुस्त केला. बुवा हसले, चरण पुन्हा म्हटला, कीर्तन पुढे. मैत्रिणींच्या महाराजांच्या सत्संगात असं कुणी टोकलंय का, एवढंच मावशीला विचारून यायला सांगितलं. उत्तर आलं, ‘तिथे प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचे असतात.’

वारकऱ्यांकडे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. कित्येक फडांची, म्हणजे परंपरेने चालत आलेल्या वारकरी मंडळांची, गादी बापाकडून मुलाकडे जाते, मुलगा कसाही असो. कीर्तनाचे पैसे घेऊ नयेत ही शिकवण, आणि नामवंत बुवांच्या तारखा आता मानधन ठरल्याशिवाय मिळत नाहीत. बायका शतकानुशतकं वारी चालतायत, पण फडावर आवाज पुरुषांचाच. मावशीला हे बोचेल आणि ते तिला आधीच कळलेलं बरं.

पैशाचं एका वाक्यात: दिंडीत जेवणाखाण्याची वर्गणी आधी सांगतात, तर मठाचा ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंद आणि दरवर्षी हिशेब तपासणी असायला हवी, तेव्हा मागायला लाजू नका.

आजारपणाचं मात्र सविस्तर सांगतो, कारण ते घरात भोगलंय. आत्याला मधुमेह. कुणा एका बाबांनी अंगारा दिला आणि गोळ्यांवर ‘श्रद्धा कमी पडते’ म्हणाले. आत्याने गोळ्या सोडल्या. पायाची जखम चिघळली, दोन बोटं गेली. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने वारी, कीर्तन, प्रवचनाला हात लावलेला नाही. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला डॉक्टरकडे जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणं मात्र गुन्हा ठरवलंय. आत्याला कुणी रोखलं नव्हतं, नुसतं लाजवलं होतं. म्हणून औषधाबद्दल ब्र काढणारा कोणीही असो, माळवाला की मठवाला, तिथून उठून चालू पडायचं.

उठता येतं का, हेही आधीच बघा. माळ उतरवली तर लोक चार दिवस बोलतील. पण गुरू सोडायचा म्हणजे आपली इतकी वर्षं चुकली असं स्वतःशी कबूल करायचं, आणि ते फार जड जातं. 2018 मध्ये जोधपूरच्या न्यायालयाने आसारामला बलात्काराच्या गुन्ह्यात जन्मठेप दिली, तरी कित्येक भक्तांच्या देव्हाऱ्यातला फोटो हलला नाही.

मावशीने मधेच विचारलं, ‘दोन्ही नको म्हटलं तर?’ तर गाडगेबाबा आहेतच. आयुष्यभर खराटा, कीर्तन आणि धर्मशाळा. माझा कुणी शिष्य नाही म्हणायचे, पाया पडू द्यायचे नाहीत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली. त्यांच्या वाटेला लागायला कुणाचीही परवानगी लागत नाही, फक्त सकाळी उठून दारापुढचा रस्ता झाडावा लागतो. मावशी म्हणाली, हे सगळ्यात अवघड आहे.

माझा कौल माळेला आहे, पण लगेच घाल असं मी म्हटलं नाही. कार्तिकीला ती नुसतीच आळीतल्या मंडळींबरोबर पंढरपूरला जाऊन येणार आहे. पिशवी भरून झालीय, त्यात बीपीच्या गोळ्या सगळ्यात वर ठेवल्यात.